फोटोंतून उभे केलेले रान धुरकट होते, झाडे दुहेरी दिसतात: तपासणी कुठून सुरू करावी

रानातले दोन-तीनशे फोटो एआयच्या प्रोग्रॅमला द्यायचे आणि त्यातून आत फिरता येईल असे आभासी रान उभे करायचे, हे काम गोव्यात आता बरेच जण करून पाहतात. पक्ष्यांचे फोटो काढणारे मित्र, सत्तरीतल्या शाळांचे शिक्षक, कॉलेजातली मुले. ज्यांना मोलेच्या किंवा नेत्रावळीच्या रानात पाय ठेवता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या रान दाखवावे ही इच्छा यामागे असते आणि ती मला फार मोलाची वाटते. पण बहुतेकांचा पहिला प्रयत्न एकाच तऱ्हेने फसतो. माझाही फसला. त्यानंतर स्वतःची आणि इतरांची बरीच फसलेली राने मी दुरुस्त केली. तोच क्रम इथे लिहितो आहे: फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर.

लक्षणे

आपले रान यांपैकी कुठे बसते ते आधी पाहा. एकापेक्षा जास्त लक्षणे एकदम असतील, तर कागदावर लिहून ठेवा. प्रत्येकाचे मूळ वेगळे असू शकते.

खोड दुहेरी दिसते, जणू एकावर एक दोन झाडे ठेवली आहेत. पाने वेगळी दिसत नाहीत, हिरवा कापूस पिंजून ठेवल्यासारखी दिसतात. पुढे चालले की डोळ्यांसमोर धुक्याचे गोळे आणि हवेत तरंगणारे ठिपके येतात. तीनशे फोटो दिले, पण प्रोग्रॅमने जेमतेम शंभर वापरले. पाण्याच्या जागी खड्डा पडतो, किंवा पाण्याखाली दुसरे उलटे रान तयार होते. जनावर असायला हवे तिथे नुसता तपकिरी डाग उरतो. गवा कुत्र्याएवढा होतो. आणि शेवटचे: संगणकावर सगळे ठीक दिसते, पण मोबाइलवर किंवा डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमध्ये अडकत अडकत चालते आणि पाहणाऱ्याला गरगरते.

आत काय चालते, थोडक्यात

हे कळल्याशिवाय पुढची कुठलीच तपासणी पटणार नाही. काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रोग्रॅम सगळ्या फोटोंत सारख्या खुणा शोधतो. सालीवरचा एखादा डाग, दगडाची कड, पानाचे टोक. तीच खूण वेगवेगळ्या फोटोंत कुठे कुठे दिसते यावरून कॅमेरा प्रत्येक वेळी कुठे उभा होता हे तो काढतो. या टप्प्यासाठी बहुतेक ठिकाणी कोलमॅप नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरतात, मग तुम्ही तो स्वतः उघडलेला असो वा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात असो. दुसऱ्या टप्प्यात रान भरले जाते. सध्या यासाठी गॉसियन स्प्लॅटिंग ही पद्धत रूढ आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०२३ मध्ये मांडली. अंड्याच्या आकाराचे लाखो अर्धपारदर्शक रंगीत ठिपके अवकाशात पसरायचे आणि प्रत्येक फोटोशी ताडून पाहत त्यांची जागा, आकार, रंग हजारो वेळा सुधारत जायचे. मूळ पद्धतीत ही सुधारणा ३० हजार वेळा होते.

दोन्ही टप्प्यांचे एकच गृहीतक आहे: पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत समोरचे काहीही हललेले नाही. पुतळा, देऊळ, जुने घर हे गृहीतक पाळतात. रान पाळत नाही. म्हणून माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा रानातच झालेला असतो, संगणकात तो फक्त दिसतो.

पहिली तपासणी: तुम्ही कुठे उभे राहून बघताय?

याला एक पैसा लागत नाही आणि पाच मिनिटे पुरतात. तयार झालेल्या रानात, जिथून फोटो काढले होते त्याच वाटेवर जाऊन उभे राहा. तिथून चित्र स्वच्छ दिसत असेल आणि वाट सोडल्यावरच धुके येत असेल, तर तुमच्या रानात बिघाड नाही. ज्या बाजूचा फोटोच नाही, ती बाजू ठिपक्यांना माहीत नसते. झाडाच्या मागे कधी गेलाच नाहीत, तर तिथे काही नसणार.

यावर उपाय सोपा आहे. पाहणाऱ्याची वाट बांधून टाका. सुपरस्प्लॅट नावाचा संपादक ब्राउझरमध्येच मोफत चालतो. त्यात कडेचे ठिपके निवडून पुसता येतात, सीनची, म्हणजे उभ्या केलेल्या रानाची, हद्द कापता येते. शाळेसाठी केलेल्या एका रानात मी फक्त पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळीक ठेवली आणि बाकी सगळे कापून टाकले. तरंगते ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. पुन्हा एकही फोटो काढावा लागला नाही.

दुसरी: किती फोटो खरोखर वापरले गेले?

पहिला टप्पा संपला की प्रोग्रॅम हा आकडा दाखवतो. बरेच जण तो वाचतच नाहीत. दहातले नऊ तरी फोटो बसले असतील तर पुढे चला. निम्मेच बसले असतील तर दुसऱ्या टप्प्यावर वेळ घालवू नका, धुकेच हाती येईल.

इथे एक जागा अशी आहे की जिथे मी स्वतः दोन दिवस अडकलो होतो. फोटोंची साखळी मध्येच तुटली, तर कोलमॅप एका रानाचे दोन-तीन तुकडे करतो आणि ते ०, १, २ अशा नावांच्या फोल्डरांत ठेवतो. पुढचे प्रोग्रॅम डोळे मिटून ० उचलतात. पण ० हा तुकडा सर्वांत मोठा असेलच असे नाही. माझ्या वेळी ० मध्ये ३१ फोटो होते आणि १ मध्ये २४०. फोल्डर बदलला, रान उभे राहिले. म्हणून ते तिन्ही फोल्डर उघडून पाहा.

तिसरी: फोटो कुठल्या वाटेने आले?

फोटो व्हॉट्सॲपवरून आले का, हे मी हल्ली सर्वांत आधी विचारतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करते, दाबते आणि त्यासोबतची माहिती काढून टाकते. लेन्स किती मिलिमीटरची होती ही नोंद त्या माहितीत असते, आणि कोलमॅप तिथूनच सुरुवात करतो. ती नसेल तर तो अंदाज बांधतो. अंदाज चुकला की सगळे रान पसरट किंवा वाकलेले होते. कार्डावरचे मूळ फोटो मागवा.

दुसरा प्रश्न: फोटो क्रॉप केले का? पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना ही सवय हाडीमाशी भिनलेली असते. खंड्या लांब बसला आहे, कापून मधोमध आणला. एकेकट्या फोटोला ते शोभते. पण लेन्सचा मध्य फोटोच्या मध्यावर आहे असे गणित धरून चालते, आणि क्रॉपने तो मध्य सरकतो, तोही प्रत्येक फोटोत वेगळा. क्रॉप केलेले फोटो या कामाला चालत नाहीत.

आणि तिसरा, जो नव्यानेच वाढला आहे: फोटोवर आधीच एआय चालवले आहे का? फोटोतला खरखरीतपणा (दाणे) घालवणारे, धार वाढवणारे, रिकामी जागा भरणारे प्रोग्रॅम पानांचे बारकावे स्वतःच्या मनाने रंगवतात. एका फोटोत पानाला पाच शिरा, शेजारच्या फोटोत सात. डोळ्यांना दोन्ही सुंदर दिसतात. पण खुणा जुळवणाऱ्याला ती दोन वेगळी पाने वाटतात. रान उभे करायचे असेल तर कॅमेऱ्यातून आले तसेच फोटो द्या. सजावट शेवटी करा.

धूसर फोटो मात्र काढून टाका. तीनशेतले चाळीस गेले तरी चालतील. एक हललेला फोटो शेजारच्या दहा चांगल्या फोटोंची धार घालवतो.

चौथी: उजेड

दाट रानात उन्हाचे कवडसे जमिनीवर सरकत असतात. अर्ध्या तासात कवडसा एका दगडावरून दुसऱ्यावर जातो, आणि प्रोग्रॅमला वाटते दगडच बदलला. त्यात कॅमेरा ऑटोवर असेल तर उजेडाकडे वळल्यावर फोटो काळोखे, सावलीकडे वळल्यावर उजळ. ठिपक्यांना हा फरक कुठेतरी बसवावा लागतो, मग ते हवेत धुक्याचा पडदा उभा करतात.

मॅन्युअल मोड, ठरावीक आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता), ठरावीक व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल). ढगाळ सकाळ सर्वांत उत्तम. पावसाची सर नुकतीच पडून गेली असेल तर थांबा. ओली पाने आरशासारखी चमकतात आणि दोन पावले सरकल्यावर चमक दुसऱ्याच पानावर गेलेली असते.

पाचवी: वारा आणि पाणी

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या आपल्या गोव्यात सर्वांत जास्त राने इथेच बिघडतात.

वाऱ्याचे गणित साधे आहे. सकाळी लवकर हवा स्थिर असते. ऊन तापले की समुद्रावरून वारा सुटतो आणि माडाच्या झावळ्या हलू लागतात. नऊच्या आत काम उरका. पाने कापसासारखी दिसतात, पण खोडे आणि दगड स्वच्छ आहेत, असे असेल तर दोष वाऱ्याचाच. सेटिंग बदलून तो जात नाही. शटर स्पीड वाढवून एकेक फोटो स्पष्ट येतो खरा, पण पान प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते ते असतेच.

पाण्याचा विचार मात्र फार थोडे जण करतात. चोडणच्या डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटी आहे. चिखलातून बोटांएवढी श्वसनमुळे वर आलेली असतात. त्यांच्यात हजारो खुणा मिळतात, म्हणून ही जागा या कामाला फार चांगली. रायबंदरच्या फेरीने मी पहिल्यांदा गेलो, दीड तास निवांतपणे ३५० फोटो काढले आणि घरी येऊन पाहतो तर मुळांच्या जागी राखाडी लगदा. कारण शोधायला मला आठवडा लागला. मी फोटो काढत होतो त्या दीड तासात भरती चढत होती. पहिल्या फोटोत वीतभर उघडी असलेली मुळे शेवटच्या फोटोत पाण्याखाली गेली होती. प्रोग्रॅमने दोन्ही खरे मानले आणि त्यांची सरासरी काढली.

भरतीच्या किंवा ओहोटीच्या टोकाला पाणी थोडा वेळ जवळजवळ थांबते. मधल्या दोन तासांत ते सर्वांत वेगाने चढते-उतरते. तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा, ओहोटीचे टोक आणि वाऱ्याआधीची सकाळ जुळते असा दिवस निवडा आणि त्या टोकाच्या आगेमागे वीस-वीस मिनिटांत काम संपवा. मासे पकडणाऱ्या माणसाला विचारलेत तर तो तारीख न पाहता तिथीवरून सांगेल. दुसऱ्या खेपेला १८० फोटो काढले, आधीच्या जवळपास निम्मे, आणि मूळ न् मूळ वेगळे आले.

साचलेल्या पाण्याचे दुखणे निराळे. सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राई आहे. रानजायफळाच्या कुळातली झाडे, दलदल आणि पाण्यातून वर आलेली गुडघ्यासारखी वाकलेली मुळे. देवाची राई आहे, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय आत जायचे नाही. अशा पाण्यात वरच्या फांद्यांचे प्रतिबिंब पडते. प्रोग्रॅमला प्रतिबिंब ही गोष्ट कळत नाही. त्याला पाण्याखाली खोलवर खरोखरचे दुसरे रान दिसते. लेन्सला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावावा असे कोणी सुचवेल. तो फिरवल्यावर आणि जागा बदलल्यावर त्याचा परिणाम बदलतो, म्हणून मी लावत नाही. प्रतिबिंबाचा भाग फोटोंत मास्कने झाकायचा, म्हणजे प्रोग्रॅम तो भाग वगळतो, मुळे तेवढी उभी करायची आणि पाण्याचा पृष्ठभाग नंतर गेम इंजिनमध्ये (खेळ बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये) वेगळा घालायचा. दिसायलाही तेच जास्त खरे दिसते.

सहावी: लेन्स आणि पावले

एक डोळा मिटून जागेवर मान फिरवली तर जवळचे-लांबचे कळत नाही. दोन पावले बाजूला सरकलो की कळते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. एका जागी उभे राहून गोल फिरत काढलेल्या फोटोंतून खोली मिळत नाही, कितीही फोटो असोत.

४०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या फोटोंची अडचण याच जातीची. लांबून पाहताना दोन पावलांनी कोन बदलतच नाही, आणि मागचे रान मुद्दाम धूसर केलेले असते. त्या फोटोंतून रान उभे करण्याचा हट्ट सोडा. रानासाठी २४ ते ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८ च्या आसपास ॲपर्चर (लेन्सचे तोंड किती उघडे ते), झूम एकाच जागी पक्का, प्रत्येक पावलाला एक फोटो आणि शेजारच्या दोन फोटोंत निदान सत्तर टक्के भाग सारखा. एकच फेरी तीन उंचीवरून मारा: गुडघ्यापाशी, छातीपाशी, डोक्यावर हात उंचावून.

पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा नाही म्हणून थांबू नका. गॉसियन स्प्लॅटिंगचा मूळ कोड १६०० पिक्सेलपेक्षा रुंद फोटो आपणहून लहान करतो. मध्यम प्रतीचा कॅमेरा पुरतो.

सातवी: सारखी दिसणारी झाडे

खोड दुहेरी दिसते आणि वारा-पाणी-उजेड यांत दोष सापडत नाही, तेव्हा इथे या. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, हे हमखास होते. पोफळीचे एक खोड दुसऱ्यासारखे, तशीच वळी, तशीच रांग. प्रोग्रॅम तिसऱ्या रांगेतली पोफळ सातव्या रांगेतली समजतो आणि बागेची घडी घालून टाकतो. फोटो सगळे बसलेले असतात, आकडा छान दिसतो, आणि तरीही बाग अर्धी झालेली असते. म्हणून हा दोष ओळखायला कठीण.

प्रत्येक फोटो प्रत्येक फोटोशी ताडून पाहायचा, ही पद्धत इथे घात करते. ३०० फोटोंच्या ४४ हजार ८५० जोड्या होतात. तेवढ्या जोड्यांत चुकीची ओळख पटायला पुष्कळ वाव मिळतो. त्याऐवजी फोटो ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने शेजारचेच ताडून पाहायचे, हा पर्याय कोलमॅपमध्ये आहे. तो निवडा. वेळही बराच वाचतो. पुढच्या खेपेला बागेत जाताना वेगवेगळ्या रंगांच्या कापडाच्या चिंध्या न्या आणि काही खोडांना बांधा, एकीसारखी दुसरी नको. पाहताना त्या नकोशा वाटल्या तर शेवटी पुसता येतात. काम झाल्यावर सोडून आणा.

चिंध्या नेताच आहात तर एक मीटरची काठीही न्या. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. गवा कुत्र्याएवढा होतो तो यामुळे. काठी सीनमध्ये एका कडेला दिसू द्या, नंतर तिच्या लांबीवरून सगळे माप ताणून घ्या. पूर्ण वाढलेला नर गवा खांद्यापाशी साडेपाच-सहा फूट असतो. हेडसेट लावलेल्या मुलाला मान वर करावी लागली पाहिजे.

आठवी: जनावर

रानाच्या फोटोंत जनावर, माणूस, गाडी आली असेल तर तो भाग मास्कने झाका. मेटाचे सेगमेंट एनिथिंग हे २०२३ मध्ये आलेले मॉडेल एका क्लिकवर आकृती कापून देते. आकाशही झाका, पानांच्या फटींतून दिसणारे पांढरे आकाश हे तरंगत्या ठिपक्यांचे मोठे कारण आहे.

जिवंत जनावर मात्र या पद्धतीने उभे राहत नाही. ते तुमच्यासाठी दोनशे फोटोंपुरते गोठून बसणार नाही, आणि बसावे म्हणून त्याला घेरणे, आमिष टाकणे, घरट्याजवळ जाणे हे करायचे नाही. दुर्भाटला मांगे थापणी या विधीत शेतकरी चिखलाची मगर करतात, तिचे मी सुरेख मॉडेल केले आहे, कारण ती हलत नाही. खऱ्या मगरीचे नाही.

एकाच फोटोतून त्रिमितीय आकार काढणारी मॉडेल्स आता आहेत; २०२४ मध्ये खुले झालेले ट्रायपोएसआर हे त्यांतले एक. ती वापरायला हरकत नाही, पण मागची बाजू ती पाहून नव्हे, अंदाजाने भरतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. म्हणूनच वाघ मोजताना कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) जोडीने, समोरासमोर लावतात. मॉडेल डावी कूस उलटी करून उजवीकडे लावते आणि जगात कुठेच नसलेला वाघ तयार होतो. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसते. मी दिलेल्या फोटोतल्या धनेशाला मॉडेलने बाजूने पाहताना शिंग फोडले होते. महाधनेशाच्या नराचे डोळे लाल आणि मादीचे पांढुरके असतात, तिथेही रंग मधलाच कुठलातरी आला होता. मुलांना हेच पहिले आणि शेवटचे धनेश दिसणार असतील, तर ही चूक लहान नाही. प्रत्येक प्राणी जाणकाराला सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवा. जी बाजू अंदाजाने भरली आहे, ती तशी आहे असे सीनमध्येच लिहा.

नववी: फाइल आणि यंत्र

रान चांगले आहे, मोबाइलवर अडते, एवढीच तक्रार असेल तर फाइलचे वजन पाहा. मूळ पद्धतीच्या पीएलवाय फाइलमध्ये एका ठिपक्याला २४८ बाइट लागतात. दहा लाख ठिपके म्हणजे सुमारे २४८ एमबी, आणि दाट रानात तीस-चाळीस लाख सहज होतात. त्या २४८ पैकी १८० बाइट फक्त कोन बदलल्यावर रंग कसा बदलतो यासाठी असतात. सावलीतल्या रानात ते काढून टाकले तरी फारसा फरक दिसत नाही. नायँटिक कंपनीने खुले केलेले एसपीझेड हे स्वरूप फाइल साधारण दहापट लहान करते. आधी फिकट, जवळजवळ अदृश्य ठिपके पुसा, मग रूपांतर करा. क्वेस्टसारख्या हेडसेटला सेकंदाला ७२ चित्रे लागतात. त्याखाली गेले की गरगरते.

संगणकच मध्ये बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुरत नाही. पूर्ण दर्जासाठी मूळ लेखकांनी २४ जीबी सांगितली आहे. नवे कार्ड घेऊ नका. ठिपक्यांच्या संख्येवर मर्यादा घाला, रानाचे दोन भाग करा किंवा जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) तासाच्या भाड्याने घ्या. वरच्या आठ तपासण्या झाल्याशिवाय भाड्यावर पैसे घालवू नका. खराब फोटो महागड्या यंत्रावर खराबच राहतात, हे मी पैसे घालवून शिकलो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

दोनदा नीट वेळ पाहून फोटो काढले, नव्वद टक्के फोटो बसले, तरीही रान दुहेरीच येते. तिसऱ्यांदा जाऊ नका. तुम्ही त्या जागेवर फार तुडवातुडव करताय आणि दोष बहुधा लेन्सच्या किंवा गणिताच्या बाजूला आहे. थ्रीडी स्कॅनिंगचे काम रोज करणाऱ्याकडे जा.

झाडांची उंची, दलदलीची खोली, किनाऱ्याची धूप असे माप कुणाच्या अहवालात जाणार असेल, तर फोटोंवरचे मॉडेल पुरेसे नाही. लायडार (लेझरने अंतर मोजणारे यंत्र) घेऊन काम करणारा सर्वेक्षक लागतो.

पाहणारा जवळ गेल्यावर पक्षी उडावा, पाणी हलावे, दिवसाची रात्र व्हावी असे हवे असेल, तर युनिटी किंवा अनरिअल ही गेम इंजिने जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. नंतर घेतला तर त्याला सगळे पुन्हा करावे लागते.

फोटोसाठी दरीत उतरावे लागणार असेल, चिखल गुडघ्यावर येत असेल, घरटे जवळ असेल, तर काम तिथेच सोडा. यात कोणी जाणकारही मदत करू शकत नाही. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही संरक्षित क्षेत्रे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथे फोटोग्राफीसाठी परवानगी लागते. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. परवानगीचा अर्ज करताना किती माणसे, किती तास, कुठली वाट, हे सगळे लिहून वन खात्याशी आधी बोला.

रान लोकांपुढे ठेवण्याआधी जागेची माहिती काढा. मूळ फोटोंत जीपीएस असतो, आणि कधी कधी सीनसोबतच्या फाइलमध्येही तो उतरतो. धनेशाच्या ढोलीचे अक्षांश-रेखांश त्यातून बाहेर गेले, तर ते परत घेता येत नाहीत. हे कसे तपासायचे ते कळत नसेल तर सीन बाहेर न देता आधी जाणकाराला दाखवा.

त्याच्याकडे जाताना कार्डावरचे मूळ फोटो न्या, एकही न पुसता, धूसर धरून. सोबत कोलमॅपचा सगळा फोल्डर, फोटो काढल्याची तारीख आणि वेळ, त्या दिवशीच्या भरती-ओहोटीची वेळ, आणि सुरुवातीला कागदावर लिहिलेली ती लक्षणांची यादी.